रुजुवात : राधानगरीच्या दरवाजापासून चॅटबॉटच्या आज्ञेपर्यंत

१/२०
समजा, ऐन ऑगस्टमध्ये भोगावतीकाठच्या एखाद्या गावात मोबाइलवर संदेश येतो : 'राधानगरी दरवाजा ६ उघडला.' या चार शब्दांचे दोन अर्थ होतात. एक, सहाव्या क्रमांकाचा दरवाजा उघडला. दुसरा, सहा दरवाजे उघडले. राधानगरी धरणाच्या एका स्वयंचलित दरवाजातून सुमारे १,४२८ क्युसेक पाणी बाहेर पडते. पहिला अर्थ खरा असेल तर नदीत १,४२८ क्युसेकची भर पडली; दुसरा खरा असेल तर ८,५६८ क्युसेकची. गोठ्यातील जनावरे सोडायची की नाही, हा निर्णय त्या एका अंकाच्या अर्थावर अवलंबून आहे.

२/२०
आज्ञा असो वा वार्ता, तिचे दोन भाग असतात. काय करायचे किंवा काय घडले, हे सांगणारी क्रिया. आणि कोठे, किती, कोणते, केव्हा, हे सांगणारा तपशील. संगणकाच्या जगात या तपशिलाला 'आर्ग्युमेंट' म्हणतात. चॅटबॉटची स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांचे बरेचसे कष्ट हा तपशील समजून घेण्यात आणि पडताळण्यात खर्च होतात. परंतु हा प्रश्न संगणकाबरोबर जन्माला आलेला नाही. मराठी दफ्तरखान्याने त्याच्याशी काही शतके झुंज दिली आहे, आणि त्या पडताळणीसाठी मराठीत एक नेमका शब्दही आहे : रुजुवात.

३/२०
प्रारंभ राधानगरीपासूनच करावा लागेल, कारण तेथे आज्ञेची गरजच नसलेले एक यंत्र उभे आहे. राजर्षी शाहू महाराजांनी (१८७४-१९२२) १९०२ मध्ये युरोपचा प्रवास केला. त्याआधीच्या दुष्काळांनी करवीर संस्थानाला पाण्याचे मोल शिकवले होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी भोगावती नदीवर मोठ्या धरणाचा घाट घातला. धरणाच्या जलाशयाला 'लक्ष्मी तलाव' हे नाव मिळाले आणि गावाला महाराजांच्या कन्या राधाबाई ऊर्फ आक्कासाहेब यांच्यावरून 'राधानगरी'. मध्यंतरी काम रखडले; ते पूर्ण होण्यास स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडावा लागला.

४/२०
या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. प्रत्येक दरवाजाचे वजन आणि त्याला तोलणारा प्रतिभार यांचा समतोल साधलेला असतो. जलाशय पूर्ण पातळीला, म्हणजे सुमारे ३४७.५० फुटांवर पोहोचला की पाण्यामुळेच तो समतोल ढळतो आणि दरवाजा उघडतो; पातळी उतरली की तो आपोआप मिटतो. मध्यरात्री घाटमाथ्यावर ढगफुटीसारखा पाऊस कोसळत असला, तारा तुटल्या असल्या, तरी कोणाच्या हुकमाची वाट पाहावी लागत नाही. असे दरवाजे ही भारतीय अभियांत्रिकीची जुनी मिरासदारी आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी पुण्याजवळच्या खडकवासला जलाशयावर १९०३ च्या सुमारास स्वयंचलित दरवाजे बसवले होते.

५/२०
स्क्रिप्टच्या भाषेत बोलायचे तर राधानगरीचा दरवाजा एकच तपशील स्वीकारतो : पाण्याची पातळी. तो तपशील कोणी लिहून देत नाही, त्यामुळे त्यात लेखनदोष होत नाही. त्याचे एकक चुकत नाही, त्याचे दोन अर्थ निघत नाहीत आणि तो खोटाही पाठवता येत नाही. मात्र दरवाजा उघडल्याची वार्ता खाली पोहोचवायची असते तेव्हा माणूस मध्ये येतो, आणि माणसाबरोबर शब्द. भोगावतीचे पाणी पुढे तुळशी, कुंभी आणि कासारी यांना मिळून पंचगंगा होते आणि कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर मोजले जाते. तेथे ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. अशा दिवसांत शब्दाची चूक ही केवळ शब्दाची चूक राहत नाही.

६/२०
शब्दांतील आज्ञा हाताळण्याची पहिली अडचण अगदी प्राथमिक आहे : एक शब्द कोठे संपतो आणि दुसरा कोठे सुरू होतो? आजची स्क्रिप्ट हे काम मोकळ्या जागेवरून करते. मराठ्यांच्या दफ्तरात ती सोय नव्हती. मोडी लिपीत लेखक आधी कागदावर आडवी शिरोरेघ ओढून घेई आणि तिच्याखाली बोरूने अक्षरे सलग लिहीत जाई. शब्दांमध्ये अंतर नसे, विरामचिन्हे नसत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळला जात नसे. वेग हा मोडीचा गुण होता. त्याची किंमत वाचणाऱ्याला मोजावी लागे. शब्द कोठे तोडायचा, हे त्याला संदर्भावरून ठरवावे लागे. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आजही मोडी वाचकाला हेच करावे लागते.

७/२०
दुसरी अडचण अधिक गंभीर होती. लिहिलेल्या हुकमाखाली मागाहून कोणी चार शब्द वाढवले तर? यावर मराठा कारभाराने शोधलेला उपाय म्हणजे मोर्तब. पत्राच्या आरंभी मुख्य शिक्का आणि मजकूर संपताच मोर्तब, अशी रीत होती. शिवाजी महाराजांच्या मोर्तबावरील अक्षरे आहेत 'मर्यादेयं विराजते'. येथे मर्यादा आहे, एवढाच त्यांचा आशय. त्यानंतर जे काही लिहिले असेल ते आज्ञेचा भाग नव्हे. 'शिक्कामोर्तब होणे' हा आज कोणताही निर्णय पक्का होण्यासाठी वापरला जाणारा शब्दप्रयोग मूळचा सुरक्षेच्या व्यवस्थेतून आला आहे.

८/२०
हीच मर्यादा व्यापाऱ्यांनी आणि सावकारांनी रकमेपुरती जपली. 'अक्षरी रुपये पाचशे मात्र' असे पावतीवर किंवा धनादेशावर आजही लिहितात. यातला 'मात्र' हा शब्द सौजन्याचा नाही. पाचशेच्या पुढे 'पंचवीस' जोडण्यास जागा राहू नये म्हणून तो तेथे बसवलेला असतो. आकडा अंकी आणि अक्षरी असा दोनदा लिहिण्यामागेही हाच विचार आहे. दोन्हींचा मेळ बसला नाही तर व्यवहार थांबतो. सरकारी कागदांवर 'रुजू' असा शेरा पडे, म्हणजे कागद पडताळून पाहिला आहे. 'रुजुवात' हा शब्द त्याच कुळातला. हुकूम कितीही वरून आलेला असो, रुजुवातीशिवाय त्याचा अंमल होऊ नये, ही दफ्तराची शिस्त होती.

९/२०
ही शिस्त मोडली तर काय होते, याची मराठी मनात कोरली गेलेली कथा म्हणजे 'ध'चा 'मा'. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. रघुनाथरावांच्या हुकमात नारायणरावांना 'धरावे' असे होते आणि आनंदीबाईंनी त्याचे 'मारावे' केले, अशी कथा परंपरेने चालत आली. तिला निर्णायक कागदोपत्री आधार नाही, आणि आनंदीबाईंवरील हा आरोप इतिहास म्हणून स्वीकारता येत नाही. खुनाच्या चौकशीत रामशास्त्री प्रभुण्यांनी रघुनाथरावांनाच दोषी धरले, हे मात्र प्रसिद्ध आहे.

१०/२०
तरीही ही कथा अडीचशे वर्षे टिकली, याचे कारण ती एका खऱ्या भीतीला नाव देते. एका अक्षराने क्रिया बदलते, आणि अंमल करणारा विचारत नाही. कथेतील गारदी 'खरेच असे म्हणायचे आहे का?' असा उलट प्रश्न करत नाहीत. कागद कोणाच्या हातून आला, मधल्या वाटेत कोणाकडे होता, याचीही चौकशी करत नाहीत. त्यांच्या दृष्टीने कागदावर अक्षरे आहेत, एवढे पुरेसे असते. यंत्राचा दोषही नेमका हाच आहे. स्क्रिप्ट ही स्वभावतः आज्ञाधारक गारदी असते. तिला रामशास्त्र्यांची सवय लेखकाने लावावी लागते.

११/२०
उलट बाजूने, तपशील नेमका कसा द्यावा, याचा नमुनाही कोल्हापुरातच सापडतो, आणि तोही राधानगरी उभारणाऱ्या राजाकडून. २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम प्रसिद्ध झाला. महाराज त्या वेळी युरोपात होते. प्रशासकीय लेख म्हणून हा हुकूम वाचला तर त्याची बांधणी थक्क करते. 'मागासलेले' म्हणजे कोण, हे अंमल करणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेले नाही : ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि अन्य पुढारलेले वर्ग वगळता बाकी सर्व.

१२/२०
जागा 'काही' किंवा 'शक्य तितक्या' राखायच्या नव्हत्या. आकडा स्पष्ट होता. ज्या कचेरीत हे प्रमाण ५० टक्क्यांहून कमी असेल तेथे पुढची नेमणूक याच वर्गातून करायची, अशी विशिष्ट परिस्थितीची तरतूदही होती. आणि खातेप्रमुखांनी दर तिमाहीस नेमणुकांचा तक्ता सादर करायचा होता. व्याख्या, संख्या, अट आणि उलट अहवाल. या चारांपैकी एकही गाळले असते तरी हुकूम कागदावर सुंदर दिसला असता आणि कचेऱ्यांत विरघळून गेला असता. सामाजिक न्यायाचा हेतू जितका मोठा होता, तितकीच तपशिलाची ही काटेकोर मांडणीही महत्त्वाची ठरली.

१३/२०
हुकूम कागदावरून तारेवर गेला तेव्हा चुकीची नवी जागा निर्माण झाली. तारेतले शब्द ठिपके आणि रेघांत रूपांतरित होत, आणि एक ठिपका गळला तर अंक बदले. शब्दागणिक दर असल्यामुळे लोक वाक्य छाटून पाठवत. त्यामुळे संदर्भावरून चूक ओळखण्याची संधीही घटे. म्हणून आंतरराष्ट्रीय तारव्यवहारात जादा आकार भरून 'मिलान' करून घेण्याची सोय होती : तार मार्गातील कचेऱ्यांनी परत उच्चारून मूळ मजकुराशी ताडून पाहायची. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. ऐकलेले परत म्हणून दाखवण्याची युक्ती मात्र तिच्याबरोबर संपली नाही. आजचा चांगला बॉट तीच वापरतो.

१४/२०
संगणकाने आज्ञेची रचना आणखी उघडी केली. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७० च्या आसपास केन थॉम्पसन, डेनिस रिची आणि सहकाऱ्यांनी युनिक्स ही प्रणाली घडवली. तिच्यात आज्ञा एका ओळीत टंकायची : आधी क्रियेचे नाव, मग मोकळी जागा, मग तपशील. सी भाषेतील कार्यक्रमाला सुरुवातीलाच दोन गोष्टी हाती मिळतात : तपशील किती आहेत हा आकडा, आणि त्या तपशिलांची क्रमवार यादी. या यादीत शून्याव्या स्थानी कार्यक्रमाचे स्वतःचे नाव असते. आधी मोजा, मग उघडा, असा संकेत या रचनेतच दडलेला आहे. मोजल्याशिवाय दुसरा तपशील उघडू पाहणारा कार्यक्रम, वापरकर्त्याने एकच शब्द टंकला असेल तर, जागीच कोसळतो.

१५/२०
ही ओळ एकट्याच्या पडद्यावरून सार्वजनिक गप्पांत आली ती १९८८ मध्ये. फिनलंडमधील औलू विद्यापीठात यार्को ओयकारिनेन यांनी आयआरसी ही गप्पांची व्यवस्था सुरू केली. तेथे थोड्याच काळात माणसांच्या बरोबरीने बॉटही वावरू लागले. १९९३ मध्ये रोबी पॉइंटर यांनी लिहिलेला 'एगड्रॉप' हा बॉट त्यांतील सर्वात दीर्घायुषी ठरला. गप्पांच्या खोलीची राखण करणे हे त्याचे काम. उद्गारचिन्हाने सुरू होणारे वाक्य म्हणजे आज्ञा, असा संकेत अशा बॉटांमध्ये रूढ झाला. आता आज्ञा देणारा संगणकाचा मालकच असेल, याची खात्री उरली नाही. खोलीत शिरलेला कोणीही अनोळखी माणूस बॉटला हाक मारू शकत होता.

१६/२०
येथे 'ध'चा 'मा' नव्या रूपात अवतरला. एगड्रॉपच्या स्क्रिप्ट टीसीएल या भाषेत लिहिल्या जात. या भाषेत चौकटी कंसातील मजकूर म्हणजे 'आधी हे पार पाड' अशी आज्ञा. एखाद्या निष्काळजी स्क्रिप्टने वापरकर्त्याने टंकलेला तपशील तपशील म्हणून न ठेवता पुन्हा आज्ञेसारखा चालवला, तर कंसात घातलेले शब्द बॉटच्या मालकाच्या संगणकावर अंमलात येत. गावाचे नाव विचारावे आणि उत्तरादाखल शत्रूचा हुकूम बजावला जावा, असा हा प्रकार. म्हणून पुढील प्रत्येक पिढीला एक नियम घोकावा लागला : बाहेरून आलेला मजकूर हा मजकूरच राहिला पाहिजे, त्याला आज्ञेचा दर्जा मिळता कामा नये. मोर्तबाची मर्यादा तरी दुसरे काय सांगत होती?

१७/२०
जून २०१५ मध्ये टेलिग्रामने बॉटसाठी दारे उघडली आणि तिरप्या रेघेने सुरू होणाऱ्या आज्ञा सर्वसामान्यांच्या हातात आल्या. समजा, राधानगरीच्या एखाद्या विद्यार्थ्याने धरणाची माहिती देणारा बॉट लिहिला. पहिला अडथळा लिपीचा. टेलिग्रामच्या यादीत नोंदवायच्या आज्ञेचे नाव रोमन अक्षरे, अंक आणि अधोरेषा यांतूनच बनवावे लागते. मराठी फक्त तपशिलात येऊ शकते. दुसरा अडथळा अंकांचा. कोणी 'दरवाजा ६' असे देवनागरी अंकात टंकले तर पायथॉन भाषा त्याचा आकडा निमूटपणे ६ असा ओळखते. जावास्क्रिप्ट मात्र तोच अंक संख्या मानत नाही. एकच प्रश्न, एकाच गावातला. उत्तर कोणत्या भाषेत स्क्रिप्ट लिहिली यावर ठरते.

१८/२०
तिसरा अडथळा नावांचा. 'राधानगरी', 'राधानगरी धरण' आणि 'लक्ष्मी तलाव' हे एकच जलस्थान. याच तालुक्यातील दूधगंगा धरणाला लोक काळम्मावाडी म्हणतात. मोकळ्या जागेवर शब्द तोडणारी स्क्रिप्ट 'राजाराम बंधारा' याचे दोन तपशील करते आणि गोंधळते. '३ ६' आणि '३६' यांत एका रिकाम्या जागेचाच फरक. पहिल्यात दोन दरवाजे, दुसऱ्यात अस्तित्वात नसलेला एक. मोडीच्या वाचकाला संदर्भ मदत करी. स्क्रिप्टला तो संदर्भ आधी शिकवावा लागतो : दरवाजे सातच आहेत, म्हणून ०, ८ आणि ३६ हे अशक्य. सातही उघडले तरी त्या दरवाजांतून ९,९९६ क्युसेकच पाणी येते, म्हणून त्यांच्या विसर्गाच्या नोंदीत १४,२८० हा आकडा आला तर कोणीतरी एक शून्य जास्त टंकले आहे.

१९/२०
एककाचे प्रकरण याहून फसवे. एक घनमीटर प्रतिसेकंद म्हणजे सुमारे ३५.३ क्युसेक. राधानगरीची क्षमता ८.३६ टीएमसी म्हणावी किंवा सुमारे २३७ दशलक्ष घनमीटर. पाणी तेवढेच, आकडे कोसभर दूर. धरणाचे ३४७.५० आणि राजाराम बंधाऱ्याचे ४३, दोन्ही फुटांतच, पण मोजणीचा आधार निराळा. केवळ एककाच्या गफलतीने २३ सप्टेंबर १९९९ रोजी नासाचे 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान मंगळापाशी नष्ट झाले. एका गटाने बलाचे आकडे ब्रिटिश एककात दिले, दुसऱ्याने ते मेट्रिक मानले. म्हणून चांगली स्क्रिप्ट नुसता आकडा स्वीकारत नाही. ती एकक विचारते, मर्यादा तपासते, विचारणाऱ्याला अधिकार आहे का ते पाहते, आणि शंका आली तर नम्रपणे थांबते : 'सहावा दरवाजा, की सहा दरवाजे?' तपशीलच दिला नसेल तर कोसळण्याऐवजी ती कसे विचारावे, याचे उदाहरण दाखवते.

२०/२०
एवढे सारे करण्यापेक्षा सगळेच राधानगरीच्या दरवाजासारखे स्वयंचलित का नसावे, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तरही राधानगरीतच मिळते. २९ डिसेंबर २०२१ रोजी, ऐन हिवाळ्यात, देखभालीच्या कामादरम्यान धरणाचे एक सेवाद्वार उघडे राहून अडकले. भोगावतीचे पाणी अचानक वाढले आणि नदीकाठच्या गावांना तातडीने सावध करावे लागले. त्या सकाळी दरवाजाला पातळी कळून उपयोग नव्हता. नदीत उतरलेल्या माणसाला बातमी कळणे आवश्यक होते : कोठे, किती, केव्हापासून. हे सांगणारा चिटणीस असो, तारबाबू असो, की विद्यार्थ्याने रात्र जागून लिहिलेला बॉट, त्याच्यापुढील काम तेच राहते. पाठवण्यापूर्वी एकदा रुजुवात.

#धागासमाप्त